कुळाचा दाखला

1964 च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये शेकडो माणसं मुलाबाळांसह धरणं धरून बसली. बीरशेबा, दिमोना, लोद, अशदोद अशा गावांमधून ती आली होती. बहुतेकांची आडनावं कोकणातली होती आणि वडीलधारी माणसं आपसांत मराठीत बोलत होती. ज्यू म्हणून ती ज्यूंच्या देशात स्थायिक झाली होती, तिथे कर भरत होती, त्यांची मुलं सैन्यात जात होती. त्यांची मागणी एकच होती. आमच्या मुलामुलींची लग्नं लावण्याआधी आमच्या आज्या-पणज्यांच्या कुळाचा तपास करण्याचा जो हुकूम रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, धर्मपीठाने काढला आहे, तो मागे घ्या.

ही बेने इस्राएल समाजाची माणसं होती. कोकणच्या किनाऱ्यावर शेकडो वर्षं राहिलेला, मराठी बोलणारा हा ज्यू समाज. धर्म, संस्कृती आणि भेदभाव यांची चर्चा आपल्याकडे बहुतेक वेळा बहुसंख्य विरुद्ध अल्पसंख्य एवढ्याच चौकटीत होते. बेने इस्राएलांचा इतिहास ही चौकट मोडतो. त्यांना सगळ्यात खोल जखम झाली ती स्वधर्मीयांकडून, तीही दोनदा: आधी मुंबईत, मग इस्राएलमध्ये. ही जखम नेमकी कशी होते हे समजून घ्यायचं, तर अलिबागच्या किनाऱ्यापासून सुरुवात करावी लागते.

नवगावचा किनारा

अलिबागच्या उत्तरेला नवगाव आहे. समाजाची परंपरा सांगते, की इथे एक गलबत फुटलं. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. समुद्राने बाहेर टाकलेल्या बाकीच्यांना त्यांनी किनाऱ्यावरच पुरलं. ती जागा समाज आजही पवित्र मानतो, तिथे स्मारकही उभं आहे. गलबत कुठून आलं आणि केव्हा आलं, यावर इतिहासकारांचं एकमत नाही. हिब्रू हळूहळू विसरली गेली, आणि तरीही हे लोक हिंदू किंवा मुसलमान झाले नाहीत, ही गोष्ट मात्र निर्विवाद आहे.

त्यांनी जपलं ते मोजकंच. मुलाची आठव्या दिवशी सुंता. शनिवारी काम बंद. खवले आणि पर असलेलेच मासे खायचे. आणि ‘शेमा’ ही एकेश्वराची प्रार्थना, जी जन्माला, लग्नाला, मृत्यूला, प्रत्येक वेळी म्हटली जायची, कारण तेवढीच आठवत होती. पुढे केव्हातरी डेव्हिड राहाबी नावाचा ज्यू कोकणात आला, अशी कथा आहे. त्याने बायकांपुढे वेगवेगळ्या प्रकारचे मासे एकत्र ठेवले आणि त्यांनी बिनखवल्याचे मासे बाजूला काढले, तेव्हा हे आपलेच लोक, अशी त्याची खात्री पटली. झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर या घराण्यांतल्या तिघांना त्याने धर्मविधी शिकवले. तेच समाजाचे काजी झाले. या कथेचा काळ कोणी अकराव्या शतकात नेतं, कोणी अठराव्या. पण ओळख पटवणारी खूण स्वयंपाकघरात होती, हे या कथेतलं मर्म लक्षात ठेवण्याजोगं आहे. बायकांनी रोजच्या निवडण्या-टिपण्यात जो धर्म सांभाळला, त्याची साक्ष एका परक्या पंडिताला पुरेशी वाटली.

बाकीचं आयुष्य पूर्णपणे कोकणी होतं. गावावरून आडनावं पडली: पेणकर, रोहेकर, केहिमकर, दिवेकर, चेऊलकर. लग्नात मंगळसूत्र आलं, मेंदी आली. सणांनाही मराठी नावं मिळाली. नवीन वर्ष म्हणजे ‘नव्याचा सण’, मंडपांचा उत्सव म्हणजे ‘खिरीचा सण’, वल्हांडण म्हणजे ‘अनाशी धाकाचा सण’. प्रेषित एलियाहूच्या नावाने पोहे, खोबरं, सुका मेवा आणि फळांचा ‘मलिदा’ करायचा, हा विधी जगातल्या दुसऱ्या कोणत्याही ज्यू समाजात नाही. एलियाहू स्वर्गात गेला तेव्हा त्याच्या रथाच्या चाकांची खूण अलिबागजवळच्या खंडाळे गावातल्या खडकावर उमटली, असं इथले ज्यू मानतात. नवस बोलायला आणि फेडायला लोक आजही तिथे जातात. बायबलमधला प्रेषित रायगड जिल्ह्याच्या मातीला लागला, यापेक्षा घरोब्याचा पुरावा तो काय असणार?

शेजार आणि उतरंड

बेने इस्राएल घाण्यावर तेल गाळायचे. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटलं. सोमवारी घाणा बंद ठेवणारे हिंदू तेली ते ‘सोमवार तेली’. भारतात ज्यूंचा छळ कधी झाला नाही, हे आपण अभिमानाने सांगतो आणि कोकणापुरतं ते खरंही आहे. युरोपात ज्यूंची वस्ती जाळली जात होती, त्या काळात अलिबाग, पेण, रोहे, मुरुडमध्ये ज्यू माणूस दार उघडं टाकून झोपत होता. हे लहान श्रेय नाही.

पण त्याच गावात त्याला जी जागा मिळाली, ती तेल्याची होती. गावगाड्यात प्रत्येकाला जागा होती आणि ती वरखाली रचलेली होती. छळ नव्हता, याचा अर्थ समता होती असा होत नाही. सहिष्णुता आणि समता यांच्यातलं हे अंतर महाराष्ट्राला फुले-आंबेडकरांनी शिकवलं आहे, ते इथेही लावून पाहिलं पाहिजे.

उतरंडीत राहणारा माणूस उतरंड शिकतो. बेने इस्राएलांमध्येही ‘गोरे’ आणि ‘काळे’ असे दोन गट पडले. दोन्हीकडून शुद्ध ज्यू वंशाचे ते गोरे. ज्यांच्या पूर्वजांपैकी कोणी स्थानिक बाईशी लग्न केलं, ते काळे. गोरे काळ्यांशी सोयरीक करत नसत, एका पंक्तीला बसत नसत. हा भेद विसाव्या शतकात विरत गेला. पण आपल्यातल्याच माणसाकडे रक्ताचा हिशेब मागण्याची सवय या समाजाच्याही अंगी लागली होती, हे सांगितल्याशिवाय पुढचा अन्याय नीट कळत नाही. भेदभाव सोसणारा समाज आपोआप भेदभावमुक्त होत नाही.

मुंबई: दफनभूमीतली भिंत

अठराव्या शतकात कंपनी सरकारच्या पलटणींत आणि गोदीत कामं मिळू लागली, तसे बेने इस्राएल मुंबईत आले. सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल एझेकिएल, कंपनीच्या फौजेत होते. टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटका झाल्यावर त्यांनी बोललेला नवस फेडला आणि 1796 मध्ये मांडवीत मुंबईतलं पहिलं सिनेगॉग उभं केलं. ‘शआर हाराहामिम’, म्हणजे दयेचं दार. त्या रस्त्याला आज सॅम्युएल स्ट्रीट म्हणतात.

एकोणिसाव्या शतकात हा समाज मराठी छापील जगात उतरला. मिशनऱ्यांनी शाळा काढल्या. जॉन विल्सन यांनी मराठीतून हिब्रूचं व्याकरण लिहिलं. मराठी बायबलमधून बेने इस्राएलांना स्वतःचाच विसरलेला धर्मग्रंथ परत वाचायला मिळाला. मिशनऱ्यांना आशा होती ती धर्मांतराची. झालं उलट: हे लोक अधिक जाणते ज्यू झाले. 1846 मध्ये मुंबईत वल्हांडणाचा ‘हगादा’ हिब्रूबरोबर मराठीत छापला गेला. 1874 च्या पुण्याच्या आवृत्तीत बिनखमिराची भाकरी करणाऱ्या बायका चक्क साड्या नेसलेल्या आहेत. 1880 च्या सुमारास मोशे आणि योसेफ यांच्या कथांवर मराठी कीर्तनं सुरू झाली, साकी-दिंडी-ओवीसकट. 1875 मध्ये हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी मुंबईत समाजाची शाळा काढली. तीच पुढे सर एली कदुरी हायस्कूल म्हणून ओळखली गेली. याच केहिमकरांनी आपल्या समाजाचा पहिला मोठा इतिहासही लिहिला.

याच काळात मुंबईत बगदादी ज्यू आले. डेव्हिड ससून 1830 च्या दशकाच्या सुरुवातीला आले आणि काही वर्षांतच ससून घराणं आशियातल्या मोठ्या व्यापाऱ्यांत गणलं जाऊ लागलं. ससून डॉक, पुण्याचं ससून रुग्णालय, ‘लाल देऊळ’ म्हणून सगळ्या पुण्याला माहीत असलेलं ओहेल डेव्हिड सिनेगॉग, ही त्यांची स्मारकं. सुरुवातीला बगदादी बेने इस्राएलांच्याच सिनेगॉगमध्ये प्रार्थना करायचे, त्यांच्याच दफनभूमीत आपले मृत पुरायचे. पण 1836 मध्येच बगदादी मंडळींनी सरकारकडे अर्ज केला, की सामायिक दफनभूमीत मध्ये भिंत घालून आमची जागा वेगळी करावी.

प्रार्थनेसाठी दहा पुरुषांचा कोरम लागतो. पुढे बगदादी सिनेगॉगांत बेने इस्राएलांना त्या दहांत धरणं बंद झालं. तोरा हा धर्मग्रंथ वाचायला त्यांना बोलवेनात, सोयरीक तर दूरच. कारण धर्माचं सांगितलं जाई: यांना घटस्फोटाचा ज्यू विधी माहीत नव्हता, यांच्यात मिश्र विवाह झाले असतील, तेव्हा यांचं ज्यूपण संशयास्पद. धर्माची भाषा खरी असेल, पण तिच्यामागे आणखी काही होतं. इंग्रजांच्या राज्यात ‘नेटिव्ह’ आणि ‘युरोपियन’ यांच्यात दरी होती आणि बगदादी पुढाऱ्यांना युरोपियनांच्या बाजूला गणलं जायचं होतं. मराठी बोलणारे, सावळे, कारकुनी करणारे ज्यू आपले भाऊबंद असणं त्या धडपडीत अडचणीचं होतं. वरच्या पायरीवर चढू पाहणाऱ्याला खालच्या पायरीवरचा नातेवाईक नको असतो.

रंगूनमध्ये हे प्रकरण कोर्टात गेलं. तिथल्या सिनेगॉगमध्ये बेने इस्राएलांचे हक्क नाकारले गेले, तेव्हा त्यांनी दावा लावला आणि 1935 मध्ये हायकोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. ज्यूंमध्ये कोण पुरेसा ज्यू, हे एका वसाहती न्यायालयाला सांगावं लागलं.

मुंबईने मात्र या समाजाला मोकळेपणाने मोठं होऊ दिलं. डॉ. एलिजा मोझेस 1937 मध्ये शहराचे महापौर झाले. महालक्ष्मीहून वरळीकडे जाणारा डॉ. ई. मोझेस रोड त्यांच्याच नावाचा. डॉ. जेरुशा झिराड यांनी कामा रुग्णालयाची धुरा सांभाळली आणि 1966 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पडद्यावरचा ‘डेव्हिड’ म्हणजे डेव्हिड अब्राहम चेऊलकर. कवी निसीम इझिकेल याच समाजाचे. महापौरपद मिळालेल्या समाजाला बगदादी सिनेगॉगच्या दहांत जागा नव्हती, ही त्या काळातली वस्तुस्थिती होती.

परतीच्या देशात

भारत स्वतंत्र झाला तेव्हा बेने इस्राएल सुमारे वीस हजार होते. 1948 मध्ये इस्राएल राष्ट्र झालं आणि ते निघाले. त्यांना कोणी हाकललं नव्हतं. काहींना धर्माची ओढ होती, काहींना नव्या देशात चांगल्या दिवसांची आशा. इंग्रजांच्या नोकऱ्यांवर उभ्या असलेल्या मध्यमवर्गाला स्वतंत्र भारतात पुढे काय, ही काळजीही होती.

तिथे पोचल्यावर त्यांना वाळवंटाच्या कडेच्या नव्या वसाहतींमध्ये पाठवलं गेलं. रेल्वेत, पोस्टात, कस्टममध्ये टेबलाशी बसलेली माणसं रस्त्यावर आणि बांधकामावर राबू लागली. नव्या देशात सगळ्याच स्थलांतरितांचे हाल होत होते. पण रंगावरून टोचून बोललं जातं, घर आणि काम देताना युरोपातून आलेल्यांना झुकतं माप मिळतं, अशा भारतीय ज्यूंच्या तक्रारी वाढत गेल्या. 1951 च्या अखेरीस काही कुटुंबांनी तेल अवीवमध्ये, ज्यूंना इस्राएलमध्ये आणून वसवणाऱ्या ज्यू एजन्सीच्या कचेरीसमोर धरणं धरलं, उपोषण केलं. त्यांचं म्हणणं होतं, आम्हाला भारतात परत पाठवा. 1952 मध्ये शंभरावर माणसांना एजन्सीच्या खर्चाने खरोखरच परत आणावं लागलं. ज्यांना धर्माने तिथे बोलावलं होतं, त्यांना परत मुंबई जवळची वाटली. पुढे यांतल्या अनेकांनी पुन्हा इस्राएलला जाण्यासाठी अर्ज केले. दोन्ही देश आपले आणि दोन्हींतही पाय पुरता टेकत नाही, अशी ही अवस्था.

खरा घाव मात्र लग्नाच्या दारात बसला. इस्राएलमध्ये नागरी विवाह नाही. 1953 च्या कायद्याने ज्यूंचे विवाह आणि घटस्फोट धर्मपीठाच्या न्यायालयांकडे सोपवले. म्हणजे धर्मपीठाच्या रब्बीने नकार दिला, की त्या जोडप्याला देशात दुसरा मार्गच उरत नाही. बेने इस्राएल मुलाचं किंवा मुलीचं दुसऱ्या ज्यू समाजात लग्न ठरलं, की काही रब्बी नोंदणी करायला नकार देऊ लागले.

1961 च्या ऑक्टोबरमध्ये मुख्य धर्मपीठाच्या मंडळाने निर्णय दिला, की बेने इस्राएलांशी विवाह करण्यात तत्त्वतः हरकत नाही. त्यानंतर काही महिन्यांतच, 1962 च्या फेब्रुवारीत, मुख्य रब्बी यित्झाक निसीम यांच्या कारकिर्दीत या निर्णयाच्या अंमलबजावणीचे नियम निघाले. बेने इस्राएल व्यक्ती लग्नासाठी आली, तर रब्बीने तिची आई, आजी आणि जितकं मागे जाता येईल तितकं मागे जाऊन ज्यू होत्या का, याचा शोध घ्यावा. घराण्यात घटस्फोट किंवा निषिद्ध विवाह झाले होते का, हे तपासावं. शंका उरली तर प्रकरण धर्मन्यायालयाकडे पाठवावं. एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने काढून घेतलं.

धर्मपीठाची भीती काय होती, तेही न्यायाने सांगितलं पाहिजे. ज्यू धर्मशास्त्रात विधिवत घटस्फोट न घेता बाईने दुसरं लग्न केलं, तर त्यातून झालेल्या मुलाला ‘मामझेर’ मानतात आणि त्याला सर्वसाधारण ज्यूशी लग्न करता येत नाही. हा कलंक पिढ्यान्‌पिढ्या चालतो. शास्त्र विसरलेल्या समाजात असे विवाह झाले असतील, ही ती शंका. पण बेने इस्राएलांचं उत्तर तितकंच ठाम होतं: कोकणातल्या रीतीप्रमाणे आमच्यात काडीमोड जवळपास नव्हताच, विधवेचं दुसरं लग्नही होत नसे. मग हा दोष शिरणार कुठून? ज्या कोकणी चालीरीतींमुळे त्यांच्याकडे संशयाने पाहिलं जात होतं, त्याच त्यांच्या निर्दोषपणाची साक्ष देत होत्या.

मुद्दा आणखी एका ठिकाणी अडतो. पोलंड, मोरोक्को, इराक, रुमानिया इथून लाखो ज्यू आले. युद्धात अनेकांचे कागद जळाले, गावं नाहीशी झाली. त्यांच्यातही शंका घेण्यासारखी प्रकरणं होती. पण अख्ख्या समाजाचं नाव घेऊन हुकूम निघाला तो एकट्या बेने इस्राएलांच्या बाबतीत.

दोन वर्षं निषेध, सभा, अर्ज चालले. 1964 च्या उन्हाळ्यात आंदोलक राजधानीत येऊन बसले. इस्राएलच्या वृत्तपत्रांनी आणि सामान्य नागरिकांनीही त्यांची बाजू घेतली. 17 ऑगस्ट 1964 रोजी संसदेच्या खास बैठकीत पंतप्रधान लेवी एश्कोल यांच्या सरकारने भूमिका मांडली, की बेने इस्राएल सर्व बाबतीत, विवाहाच्या बाबतीतही, इतर ज्यूंच्या बरोबरीचे आहेत. धर्मपीठाने लोकांची अन्यायाची भावना दूर करावी, असं आवाहनही झालं. महिनाअखेर धर्मपीठाने नियमांतून ‘बेने इस्राएल’ हे नाव काढलं. आता ज्याच्या कुळाबद्दल शंका येईल, अशा कोणाचीही चौकशी करावी, असा सर्वसाधारण मजकूर आला.

हा विजय खरा होता, त्याला कमी लेखू नये. बाहेरून आलेल्या, सत्तेत कोणी नसलेल्या छोट्या समाजाने अहिंसक मार्गाने राष्ट्राच्या धर्मपीठाला मागे यायला लावलं. पण चौकशीचा अधिकार तसाच राहिला. शंका कोणाची घ्यायची हे रब्बीच्या मर्जीवर राहिलं, आणि पुढच्या दशकांतही अधूनमधून एखाद्या गावच्या रब्बीने बेने इस्राएल जोडप्याला अडवल्याच्या बातम्या येत राहिल्या. 1980 च्या दशकात इथिओपियाचे ज्यू आले, तेव्हा त्यांना शुद्धीसाठी विधिस्नान करायला सांगितलं गेलं. तेही 1985 मध्ये जेरुसलेममध्ये धर्मपीठासमोर धरणं धरून बसले. रंग गडद, देश दूरचा, चालीरीती अनोळखी, की प्रश्न तोच.

रक्ताने काय सिद्ध होतं?

2016 मध्ये शास्त्रज्ञांनी बेने इस्राएलांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्यात मध्यपूर्वेकडचा ज्यू वंश आहे आणि स्थानिक भारतीय वंशही आहे, असा निष्कर्ष निघाला. अनेकांना आनंद झाला: गलबताची कथा खरी ठरली! हा आनंद मी समजू शकतो. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या शब्दावर कोणी विश्वास ठेवला नाही, त्यांना प्रयोगशाळेचा शिक्का मिळाला.

पण अहवाल उलटा आला असता तर? एखाद्या बाईने आयुष्यभर शनिवार पाळला, मासे निवडले, ‘शेमा’ म्हणत मुलं वाढवली, तिच्या पणजीच्या रक्तात काय होतं यावरून ती ज्यू नाही ठरली असती का? मला तसं वाटत नाही. धर्म आणि संस्कृती ही पाळण्याची, शिकवण्याची, पुढे देण्याची गोष्ट आहे. ती जपण्याचं काम ज्यांनी केलं, त्यांचा तिच्यावर पहिला हक्क आहे. वंशाच्या पुराव्यावर हक्क टांगले, की नव्या पुराव्याने ते काढूनही घेता येतात.

आज भारतीय वंशाचे सत्तर-ऐंशी हजार ज्यू इस्राएलमध्ये आहेत, असं मानलं जातं. तिथे ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक निघतं, महाराष्ट्र दिन साजरा होतो, लग्नाआधी मेंदी आणि मलिदा होतो. नवी पिढी हिब्रू बोलते आणि दुसऱ्या समाजांत लग्नं करते. भारतात 2011 च्या जनगणनेत सगळे ज्यू मिळून पाच हजारांच्या आत होते. महाराष्ट्र सरकारने 2016 मध्ये त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. कोकणातली सिनेगॉगं काही कुटुंबांच्या जिवावर उभी आहेत.

हा इतिहास आपल्यासाठीही आहे. मुंबई-पुण्यात भाड्याचं घर शोधणाऱ्याला आडनाव विचारलं जातं, घरात काय शिजतं ते विचारलं जातं, आणि नकाराचं कारण कधीच ‘तुम्ही मुसलमान’ किंवा ‘तुम्ही दलित’ असं सांगितलं जात नाही; सोसायटीचे नियम सांगितले जातात. आंतरजातीय लग्न करणाऱ्यांना घरचेच कुळ विचारतात. विचारणाऱ्याला वाटतं, आपण फक्त खात्री करून घेतो आहोत. धर्मपीठालाही तसंच वाटत होतं. बगदादी पुढाऱ्यांनाही.

बेने इस्राएलांनी आपल्याला एक कसोटी दिली आहे. कोणी आपल्याच माणसांकडे कुळाचा, निष्ठेचा, आपलेपणाचा दाखला मागितला, की पहिला प्रश्न विचारायचा: हा दाखला सगळ्यांकडे मागता का? बाकीच्यांचं ‘आम्ही तुमचे’ हे म्हणणं पुरेसं ठरत असेल आणि एकाच समाजाला मात्र पणजीचं नाव सिद्ध करावं लागत असेल, तर ती मागणी हाच भेदभाव आहे. पुढे दाखला मिळाला, हुकुमातून नाव वगळलं, तरी तो धुऊन निघत नाही. ज्याच्या हातात दार आहे, त्यानेच आधी सांगायला हवं, की हे दार त्याने कोणासाठी आणि कोणत्या अधिकाराने लावून घेतलं आहे.